पावसाळ्याआधी पेटवणाच्या वड्या करून ठेवा: बंब, चूल, लाकडाची शेगडी

खाडीकाठ (धागाकर्ता)

मे संपायच्या आत हे काम उरकायला हवं, म्हणून धागा आत्ताच काढतोय. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदरच्या गावठाणात ज्यांच्याकडे अजून पाणी तापवायचा बंब किंवा चूल आहे, आणि ज्यांची शहापूर-मुरबाडकडे शेतघरं आहेत, त्यांच्या उपयोगाचं आहे.

ठाण्यात जून लागला की आडोशाला ठेवलेलं वाळकं लाकूडही ओल धरतं. उन्हाळ्यात १०-१२ टक्के असलेली ओल जुलैत १८-२० टक्क्यांवर जाते, आणि त्यासाठी पावसाचा एक थेंबही लागावा लागत नाही, नुसती हवा पुरते. अशा लाकडाच्या बारीक ढलप्यांखाली वर्तमानपत्राचा बोळा पेटवला तर तो मिनिटाच्या आत जळून जातो, ढलपी नुसती धुमसत राहते, आणि मग लोक रॉकेलची बाटली शोधतात. ढलपी आधी वाळली पाहिजे, मग पेटली पाहिजे. त्यासाठी एकाच जागी ८-१० मिनिटं टिकणारी ज्योत हवी.

ती देते भुसा आणि मेणाची वडी. तत्त्व पणतीचंच आहे. भुसा ही वात आणि मेण हे तेल. वात जास्त आणि तेल कमी झालं तर वडी नुसती धुमसते. तेल जास्त आणि वात कमी झाली तर मेण वितळून जाळीतून खाली राखेत गळतं आणि तिथे भडकतं. वड्या बिघडतात त्या बहुतेक या दोनपैकी एका कारणाने.

३० वड्यांचं माप (अंड्यांचा ३० खळग्यांचा कागदी ट्रे, तोच साचा):

भुसा सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम, म्हणजे हलका दाबून साधारण एक लिटरचं भांडं भरून. मेण ५०० ग्रॅम. वजनात भुशाच्या दुप्पट मेण, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

भुसा ओला असेल तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून दोन दिवस कडक उन्हात पसरून ठेवा. मुठीत दाबल्यावर गोळा न होता मोकळा सुटला पाहिजे. मेण थेट आचेवर कधीच ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात चार बोटं पाणी, त्यात तळाला जुनी ताटली पालथी घालायची आणि तिच्यावर मेणाचं लहान भांडं. पाणी नुसतं गरम राहू द्या, खळखळ उकळू देऊ नका, नाहीतर पाण्याचे शिंतोडे मेणात पडतात. पॅराफिन मेण ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळतं. पाण्याच्या भांड्यात ते १००च्या वर जाऊच शकत नाही. थेट आचेवर मात्र २००च्या आसपास गेलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते.

मेण पूर्ण पातळ झालं की दोन तृतीयांश मेण भुशात ओतून लाकडी उलथन्याने कालवा. सगळा भुसा एकसारखा गडद दिसला पाहिजे. हे मिश्रण खळग्यांत भरा आणि चमच्याच्या पाठीने बेताने दाबा. उरलेलं मेण प्रत्येक खळग्यावर अर्धा-अर्धा मोठा चमचा सोडा. दोन-तीन तास हलवू नका.

गार झाल्यावर वड्या सुरीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेल्या कागदाची केसाळ कड काडीला लगेच पेट घेते, सुरीने कापलेली गुळगुळीत कड घेत नाही.

पारसिक_पलीकडे

भुसा खळग्यात कोरडाच भरून वरून मेण ओतलं तर? कामाची पद्धत तीच सोपी वाटते.

खाडीकाठ

सोपी आहे, पण निम्म्या वड्या फसतात. गार भुशावर पडताच मेण वरच्यावर गोठतं, वर पापुद्रा आणि खाली कोरडा भुसा. पेटवल्यावर वरचं मेण जळून जातं आणि खाली धूर उरतो. तसंच करायचं असेल तर भुसा आधी उन्हातून गरम-गरम उचलून आणा, मेण चांगलं ७०-८० अंशांवर असू द्या आणि दोन वेळा थोडं-थोडं ओता. तरी कालवलेली वडी जास्त खात्रीची.

सुतारपक्षी

भुशाबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमधून जो भुसा फुकट मिळतो तो नव्वद टक्के प्लायवूडचा आणि एमडीएफचा (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांचा) असतो. त्यात फॉर्मल्डिहाइडची राळ असते, वर सनमायकाची पूड मिसळलेली. तो घेऊ नका, विशेषतः चुलीवर स्वयंपाक होत असेल तर. ओळखायचा कसा? एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक, एकाच रंगाचा, हाताला चिकटणारा असतो. करवतीच्या खऱ्या लाकडाच्या भुशात बारीक तुसं दिसतात.

लाकडाच्या वखारीतून किंवा दारं-चौकटी करणाऱ्या सुताराकडून सागाचा, नाहीतर देवदाराचा भुसा मागा. रंध्याच्या चुया (लाकडाच्या सोललेल्या पातळ पट्ट्या) मिळाल्या तर त्याहून छान, फक्त त्या चुरून घ्या. लांब चुया तशाच भरल्या की मधे पोकळी राहते आणि मेण जास्त पितात.

रंगवलेल्या, पॉलिश केलेल्या, वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा भुसा पण नको.

घरचा_बंब

मेण कुठून आणायचं ते लिहा कोणीतरी. पाचशे ग्रॅम म्हणजे कमी नाही.

खाडीकाठ

दिवाळीचं उरलेलं. पत्र्याच्या वाटीतल्या एका छोट्या मेणदिव्यात नव्याने १२-१४ ग्रॅम मेण असतं, जळून उरलेल्यात दोन-चार ग्रॅम. म्हणजे एका घराच्या उरलेल्यातून एक ट्रे होत नाही. सोसायटीत लक्ष्मीपूजनानंतर एक खोका ठेवून सगळ्यांचं जमा केलं तर होतो. वितळल्यावर वातीच्या तळाची पत्र्याची चकती तळाशी बसते. जुन्या सुती फडक्यातून गाळा. ते मेणकट फडकं फेकू नका, त्याच्या पट्ट्या कापल्या की तेही पेटवणच.

रंगीत मेण चालतं. चमकी लावलेल्या, वर्ख दिलेल्या मेणबत्त्या बाजूला काढा. काचेच्या पेल्यातलं पारदर्शक जेल घेऊ नका. ते मुळात तेल असतं, ते घट्ट बसत नाही आणि वड्या चिकट राहतात.

नेरुळ_पाम_बीच

नवी मुंबईत आमच्याकडे खोक्यांचा ढीग आहे, भुसा नाही. नुसत्या पुठ्ठ्याचं काही होतं का?

सुतारपक्षी

होतं, आणि बंबाला तर तेच बरं पडतं. पन्हाळी पुठ्ठा (मधे लाटा असलेला) घ्या. आधी त्यावरची चिकटपट्टी आणि पत्त्याचं लेबल पूर्ण काढा, दोन्हीत प्लास्टिक असतं. ४ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा, पण अशा की पट्टी उभी धरली की आतल्या नळ्या वरपासून खालपर्यंत उभ्या राहतील. गुंडाळून तीन सेंटिमीटर जाडीची गुंडाळी करा, सुती दोऱ्याने बांधा. वितळलेल्या मेणात दोन सेकंद बुडवून बाहेर, थेंब गळू द्या, कागदावर उभी ठेवा. साधारण दहा ग्रॅम मेण पिते आणि सहा-सात मिनिटं जळते. नळ्या आडव्या राहिल्या तर ज्योत आत शिरत नाही, वरवर जळून विझते. चूक होते ती इथेच.

दहा सेकंद बुडवून ठेवलीत तर नळ्या मेणाने भरतात, हवा जायला वाट राहत नाही. दोन सेकंद म्हणजे दोनच.

कळवा_गावठाण

आमच्याकडे चूल रोजची आहे. मेणाच्या भानगडीत न पडता काय चालतं त्याची ही यादी, अनुभवाच्या क्रमाने.

नारळाचं सोडण पहिलं. मात्र शहाळ्याचं नव्हे. शहाळ्याची सालं गाड्यावर कितीही फुकट मिळाली तरी ती आतून महिनाभर ओली राहतात आणि बुरशी धरतात. पूजेच्या, स्वयंपाकाच्या नारळाचं सोडण घ्या, तंतू हाताने सोडवून सैल गुंता करा. घट्ट गोळा नुसता धुमसतो, सैल गुंता भडकतो. सोडण निखारा छान धरून ठेवतं, म्हणून वडीच्या जोडीला द्या. करवंटी फोडून वर ठेवली की ती दहा मिनिटं तरी ओढून नेते.

दुसरं, उसाचं चिपाड. स्टेशनबाहेरच्या रसवंतीवाल्याकडे रोज ढीग असतो. ताज्या चिपाडात निम्मं पाणीच असतं आणि साखर उरलेली असते, त्यामुळे घरात आणून ढीग लावला की मुंग्या आणि काळी बुरशी. एकाच दिवसात उकलून, एकेरी पसरून, चार दिवस उन्हात. मग हातात कुरकुरीत मोडलं की पोत्यात भरा. एप्रिल-मेतच करायचं काम आहे, जूनमध्ये सुरू केलंत तर वाळणारच नाही.

आंब्याची कोय पण सोडू नका. आतली बी काढून टाका, वरचं तंतूंचं कवच दहा-बारा दिवस वाळवा. कवच धडधडून जळतं. बी न काढता कोय टाकली तर आतली ओल धूर करते.

गुलमोहराच्या लांब काळ्या शेंगा सोसायटीच्या बागेत पडतात, त्या ढलपीच्या जागी छान चालतात. उभ्या चिरून घ्या.

नेरुळ_पाम_बीच

बागेतल्या छाटलेल्या फांद्या पण वापरू का मग? माळी ढीग लावून जातो.

कळवा_गावठाण

कोणत्या झाडाच्या त्यावर आहे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, या दोन्ही अजिबात नकोत. नवी मुंबईत रस्त्याच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणाला कण्हेर भरपूर आहे, आणि छाटणीत ती मिसळून येते. तिचं लाकूड, पान, धूर सगळं विषारी. फांदी ओळखू येत नसेल तर चुलीत घालू नका. उरणकडे समुद्राकाठी सुरूची झाडं आहेत, त्यांची वाळलेली बोंडं आणि सुया मात्र उत्तम पेटवण, पडलेलीच वेचा.

माजघर

शिंप्याकडच्या चिंध्या घेतल्या तर? आणि भिवंडीहून पोत्यांनी चिंधी येते ती?

खाडीकाठ

सुती असेल तर फार चांगली, काकड आरतीचा काकडा आठवा, तोच प्रकार. पण हल्ली चिंधीत पॉलिएस्टरच जास्त असतं. एक धागा ओढून काडीने जाळा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि बोटात चुरगळणारी करडी राख उरते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं, आणि शेवटी टणक काळा मणी उरतो. मणी उरला की ते पोतं परत. मिश्र कापडात दोन्ही दिसतं, तेही परत. भिवंडीच्या पोत्यात वेगवेगळ्या थानांचे तुकडे असतात, त्यामुळे एकच धागा तपासून भागत नाही, आठ-दहा तुकडे काढून बघा.

सुती पट्टी बोटभर रुंद, वीतभर लांब. पीळ देऊन दुमडा, गाठ मारा, मेणात बुडवा.

माजघर

मेणाऐवजी तळणीचं उरलेलं तेल वापरता येईल का? ते तर दर आठवड्याला असतं.

खाडीकाठ

पेटवायच्या वेळी वापरता येतं. कागदाच्या गाठीवर किंवा सुती काकड्यावर दोन चमचे तेल, पाच मिनिटं मुरू द्या, लगेच पेटवा. आधी करून साठवू नका, हे मी ठासून सांगतो. सूर्यफूल, सोयाबीन, करडई अशी तेलं हवेतल्या प्राणवायूशी जोडली जाताना उष्णता सोडतात. तेलकट चिंध्यांचा ढीग बंद डब्यात किंवा पोत्यात राहिला की ती उष्णता बाहेर पडत नाही, आत साठत जाते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. जवसाच्या तेलाचं तर सगळ्यात वाईट. मेणाला हा धोका नाही, म्हणून साठवायच्या वड्या मेणाच्याच.

घरचा_बंब

बंबासाठी वेगळं लिहिते, कारण चुलीची सवय बंबाला लावली की काम बिघडतं.

पहिलं, बंबात पाणी भरल्याशिवाय काडी ओढायची नाही. रिकामा बंब तापला की सांध्यांचं डाक (धातूचा जोड) सुटतं आणि मग तांबट शोधत फिरावं लागतं.

दुसरं, बंबाला अख्खी वडी लागत नाही. अर्धी पुरते. मधली नळी अरुंद असते, तिथे जास्त मेण म्हणजे काळी काजळी. काजळीचा थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो, कारण उष्णता तांब्यापर्यंत पोचतच नाही. महिन्यातून एकदा काथ्याचा जुना ब्रश दोरीला बांधून नळी वरून खाली ओढून काढा.

क्रम असा. जाळीवरची राख पूर्ण झाडा. हवा खालूनच येते. अर्धी वडी फाटकी कड खाली करून जाळीच्या मधोमध ठेवा. खालच्या तोंडातून काडी लावा. मिनिटभर ज्योत चांगली उभी राहू द्या, मग वरून करंगळीएवढ्या जाडीच्या चार-पाच ढलप्या एकेक करून सोडा. सगळ्या एकदम टाकल्या की नळी बंद होते, ज्योत गुदमरते आणि धूर वरून न जाता खालून तोंडावर येतो. त्या पेटल्यावरच जाड तुकडे.

ओवळा_रस्ता

ढलप्या किती बारीक करायच्या यावर कोणी बोलत नाही. वडी कितीही चांगली असली तरी मनगटाएवढं लाकूड तिच्याने पेटणार नाही, आणि मग वडीला दोष दिला जातो.

हिशोब साधा आहे. एका वडीत १६-१७ ग्रॅम मेण. मेणाच्या एका ग्रॅममधून साधारण ४२ किलोज्यूल उष्णता, म्हणजे सगळी मिळून सातशेच्या आसपास. एक किलो पावसाळी लाकडात पावणेदोनशे ग्रॅम तरी पाणी असतं. तेवढं पाणी तापवून उडवायलाच साडेचारशे किलोज्यूल लागतात, आणि वडीची बरीचशी उष्णता तर धुराड्यातून वर निघून जाते. तेव्हा वडीने वाळवायचं ते फक्त दीडशे-दोनशे ग्रॅम बारीक ढलप्या. पुढचं काम ढलप्यांनी करायचं. म्हणून ढलपी करंगळीपेक्षा जाड नको, वीतभर लांब, आणि साल काढलेली. ओल सालीतच जास्त असते.

दुसऱ्या दिवशीच्या ढलप्या आदल्या दिवशी चूल विझल्यावर वैलावर (चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडावर) किंवा चुलीच्या कडेला पसरून ठेवा, सकाळी त्या खडखडीत मिळतात. हे रोज केलंत तर वडीची गरजही अर्ध्यावर येते.

पारसिक_पलीकडे

शेतघरात धुराड्याची लोखंडी शेगडी आहे. पावसात आठवड्यानंतर जाऊन पेटवली की सगळा धूर खोलीत. वडी वापरूनही तेच.

ओवळा_रस्ता

धुराडं गार आणि दमट झालेलं असतं. आतली जड हवा वर जायच्या ऐवजी खाली येते. आधी शेगडीत लाकूड न भरता, वर्तमानपत्राच्या एका पानाची सैल गाठ धुराड्याच्या तोंडाशी जमेल तितकी वर नेऊन जाळा. दोन गाठी लागतात कधी. धूर वर ओढला जायला लागला की मगच शेगडी भरा. तुमच्या शेगडीत जाड लाकडं खाली, त्यावर ढलप्यांची चौकट, सगळ्यात वर वडी, असं वरून खाली पेटवा. धूर ज्योतीतून वर जाताना जळतो, म्हणून कमी होतो. चुलीत हे चालत नाही, तिथे वडी दोन लाकडांच्या फुलीखाली, चुलीच्या तोंडापासून वीतभर आत.

आणि धुराड्याच्या टोकावरची टोपी बघा, पक्षी घरटी करतात.

माजघर

कापूर वडीत घातला तर पटकन पेटेल ना?

खाडीकाठ

वडीत घालू नका. गरम मेणात त्याची वाफ होऊन निम्मा उडतो, उरलेला साठवणीत उडतो. पेटवताना कापराची एक वडी पेटवणाच्या वडीच्या कडेला ठेवून काडी लावा, ओल धरलेली कडसुद्धा पेटते. कापूर वेगळ्या घट्ट डबीत.

नेरुळ_पाम_बीच

निर्माल्य? वाळलेला झेंडू भरपूर निघतो.

कळवा_गावठाण

झेंडू धुमसतो, ज्योत धरत नाही, शिवाय हारात नायलॉनचा दोरा असतो. निर्माल्य चुलीत घालणं अनेकांच्या मनाला पटतही नाही. ते खतातच जाऊ द्या.

घरचा_बंब

रॉकेलबद्दल वर उल्लेख आला म्हणून सांगते. साधारण ४० अंशांपासून त्याची वाफ पेट घेऊ शकते. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यावर ओतलं की आधी पांढरी वाफ येते आणि क्षणाने ती सगळी एकदम भडकते, ज्योत थेट बाटलीकडे. थिनर, पेट्रोल त्याहून घातक. सॅनिटायझरची ज्योत उजेडात दिसत नाही, विझलं समजून पुन्हा ओतलं जातं. यातलं काहीही चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये, घरात मुलं असोत वा नसोत.

प्लास्टिकची दुधाची पिशवी लावून चूल पेटवायची सवय पण मोडा. धूर ताटात उतरतो. चकचकीत मासिकाचा कागद, एटीएमची आणि दुकानाची गुळगुळीत पावती, दुधा-ज्यूसचा टेट्रापॅक हेही नको. नुसतं लाकूड, सूत, साधा कागद आणि थोडं मेण जळलं तर उरलेली राख भांडी घासायला, झाडांना बिनघोर वापरता येते.

पारसिक_पलीकडे

साठवण कशी करता? मागच्या वेळी केलेल्या सगळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

खाडीकाठ

पत्र्याच्या छपराखाली ठेवल्या असतील. मेच्या दुपारी तिथे मेण मऊ होतं. बिस्किटांचा झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, प्रत्येक थरात वर्तमानपत्राचा कागद घाला आणि डबा घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा, चुलीपासून लांब. प्लास्टिकची पिशवी नको, उंदीर मेण कुरतडतात. रोज एक बंब धरला तर जून ते सप्टेंबर साधारण १२० दिवस, अर्ध्या वडीने ६० वड्या. दोन ट्रे, एक किलो मेण, अर्धा किलो भुसा.

नेरुळ_पाम_बीच

सातव्या मजल्यावर मेण वितळवायचं म्हणजे गॅसवरच. चालेल?

घरचा_बंब

इंडक्शन असेल तर त्यावर करा, उघडी ज्योत नको. गॅसच असेल तर पाणी तापल्यावर बर्नर बंद करा, मग मेणाचं भांडं आत ठेवा, गार झालं की पुन्हा तेच. शेजारी भांड्यावर बसेल असं झाकण ठेवा. मेण पेटलंच तर बर्नर बंद आणि झाकण घाला, पाणी कधीच ओतू नका, पेटतं मेण उसळून बाहेर येतं. गार होईपर्यंत झाकण उचलायचं नाही.

भांडं नंतर मोरीत धुऊ नका, मेण पाइपात जाऊन गोठतं आणि खालच्या मजल्याचंही पाणी तुंबतं. गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घ्या. ते कागद डब्यात वड्यांच्या वर ठेवून द्या, पहिल्या पावसाच्या दिवशी तेच आधी वापरा.